युकातानच्या गावरस्त्यांवरून माया अवशेषांकडे : कुटुंबासह स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी

मेक्सिकोतल्या कानकूनला उतरणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांची सहल समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात सुरू होते आणि तिथेच संपते. मध्ये एखादा दिवस टूरच्या बसने चिचेन इत्सा हे प्राचीन माया शहर उरकायचे. पहाटे निघायचे, वाटेत दुकानांपुढे थांबायचे, भर दुपारच्या उन्हात पिरॅमिडसमोर फोटो काढायचा आणि रात्री थकून परत यायचे. इतक्या लांब जाऊन माया लोकांची भूमी अशी बसच्या काचेतून बघू नये, असे मला मनापासून वाटते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात भाड्याची गाडी घेऊन स्वतः फिरणे अवघड नाही. रस्ते सपाट आहेत, बहुतेक सरळ आहेत, घाट जवळजवळ नाहीतच. मात्र तिथल्या रस्त्यांच्या काही तऱ्हा आहेत. त्या आधी ठाऊक असल्या तर लहान मुले आणि आजी-आजोबांना घेऊनही ही सहल निवांत होते.

लिहिताना अमेरिकेतून जाणारी कुटुंबे डोळ्यांसमोर आहेत, कारण आपली मंडळी बहुधा तिथूनच जातात. भारतातून जाणाऱ्यांना कागदपत्रांचा भाग थोडा वेगळा पडेल. रस्ता सगळ्यांना सारखाच.

१. आधी मुक्कामाचे गाव ठरवा

गाडीचा विचार नंतर. कानकून ते चिचेन इत्सा साधारण २०० किलोमीटर आहे. सकाळी जाऊन रात्री परत यायचे म्हणजे दिवसाला ४०० किलोमीटर आणि शेवटचा टप्पा अंधारात. मुलांसकट असे करू नका. कानकूनहून सुमारे १६० किलोमीटरवर वायादोलिद हे छोटे, शांत, जुन्या स्पॅनिश वळणाचे शहर आहे. तिथे बिऱ्हाड टाका. चिचेन इत्सा तिथून ४५ किलोमीटर, ‘एक बालाम’ नावाचे अवशेषस्थळ ३० किलोमीटरच्या आत, कोबाचे अवशेष सुमारे ६०. गावातच साकी नावाचा सेनोते आहे आणि जरा बाहेर श्केकेन आणि सामुला हे आणखी दोन. सेनोते म्हणजे चुनखडीचे छत कोसळून उघडे पडलेले भूगर्भातले पाण्याचे कुंड.

हाताशी दिवस जास्त असतील तर दुसरा मुक्काम पश्चिमेला करा, मेरिदा शहरात किंवा त्याहून बरे म्हणजे उश्मालच्या अवशेषांजवळच्या सांता एलेना गावात. उश्माल मेरिदापासून ८० किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला आहे. त्याच पट्ट्यात काबा, सायिल, श्लापाक आणि लाब्ना ही ठिकाणे एका रस्त्यावर ओळीने येतात. माझे स्पष्ट मत असे की, एकच मोठे ठिकाण बघायला वेळ असेल आणि मुले बरोबर असतील, तर चिचेन इत्साऐवजी उश्माल निवडावे. गर्दी कमी, सावली जास्त आणि इमारती जवळून बघायला मिळतात.

कालाकमूल हे प्राचीन माया शहर म्हणजे तिसरे टोक. ते काम्पेचे राज्यातल्या जंगलात आहे. महामार्ग १८६ सोडल्यावर आत सुमारे ६० किलोमीटरचा अरुंद जंगलरस्ता आहे आणि त्याला एका बाजूने दीड-दोन तास लागतात. जागा विलक्षण आहे, पण अगदी लहान मुले असतील तर पहिल्या सहलीत ती घेऊ नका.

दिवसाचा हिशेब सोपा ठेवा : सकाळी एक मोठे अवशेषस्थळ, दुपारी एक सेनोते किंवा एखादे गाव, बस्स. दोन मोठी ठिकाणे एका दिवसात बसवली की दुसऱ्या ठिकाणी मुले बघत नाहीत, नुसती रडतात.

हवामानाचे म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम. एप्रिल-मे महिन्यांतला उकाडा विदर्भातल्या माणसालाही जाणवेल असा दमट असतो. जून ते ऑक्टोबर पाऊस, त्यातच चक्रीवादळांचा हंगाम. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यांत मेक्सिकोतले लोकही सुट्टीवर असतात, तेव्हा मुक्काम खूप आधी राखून ठेवा.

२. कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून भेटीला आलेल्या आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असतो, तोही चालतो. फक्त तो अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, हे बघून घ्या, कारण परत अमेरिकेत शिरायचे आहे. आपल्याकडची नोकरदार मंडळी अडकतात ती इथे : पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत संपलेली असते आणि हाती फक्त मुदतवाढीचा मंजुरीचा कागद असतो. तो कागद मेक्सिकोत प्रवेशासाठी पुरत नाही. अशा वेळी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा आधी घ्यावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

वाहन परवाना अमेरिकेचा असेल तर प्रश्न नाही. भारतीय परवाना असेल तर इंग्रजी मजकुराचे कार्ड आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा, आणि गाडी देणाऱ्या कंपनीला ते चालते का हे ईमेलने विचारून उत्तर छापून घ्या. पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. वाटेतल्या नाक्यांवर तो दाखवावा लागू शकतो.

३. गाडी आणि विमा

संकेतस्थळावर गाडीचे भाडे दिवसाला अगदी थोडे डॉलर दिसते. खिडकीशी गेल्यावर आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि लोक चिडतात. त्यातला फसवणुकीचा भाग आणि गरजेचा भाग वेगळा करता आला पाहिजे. गरजेचा भाग म्हणजे तृतीय पक्षाचा विमा, तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा नुकसान झाले तर भरपाई देणारा. मेक्सिकोत तो अनिवार्य आहे. तुमची अमेरिकेतली गाडीची पॉलिसी तिथे साधारणपणे लागू होत नाही. क्रेडिट कार्डाचे संरक्षण असलेच तर बहुधा भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरते असते, समोरच्या माणसासाठी नसते. अपघातात कोणी जखमी झाले तर जबाबदारी ठरून भरपाईची हमी मिळेपर्यंत चालकाला पोलीस थांबवून ठेवू शकतात. तेव्हा इथे पैसे वाचवायचे नाहीत. सर्व विमा धरून एकूण रक्कम किती, हे आधी लेखी विचारा आणि त्याच आकड्यांवर कंपन्यांची तुलना करा.

गाडी फार मोठी नको, पण जमिनीपासून थोडी उंच हवी. पाच माणसे आणि सामान भरलेली बुटकी गाडी गतिरोधकावर खाली घासते. ताब्यात घेताना चारही बाजूंनी, छताचा आणि चाकांचा सावकाश व्हिडिओ काढा. डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना आहेत का ते बघा. स्टेपनीत हवा आहे का तेही. मुलांची आसने शक्य तर घरूनच न्या. तिथे मिळणारी बरी असतीलच असे नाही.

नकाशे फोनमध्ये आधी उतरवून ठेवा. दोन गावांच्या मध्ये जंगलात कित्येक किलोमीटर रेंज नसते. नकाशाने एखादा जवळचा रस्ता सुचवला आणि तो पांढऱ्या मुरमाचा कच्चा निघाला, तर सरळ मागे फिरा. विचारायचेच झाले तर एक वाक्य पुरते : ‘वोय ब्येन पारा एक बालाम?’ म्हणजे एक बालामला जायचा रस्ता हाच ना? पाटीवर एक्स अक्षराने सुरू होणारे गाव दिसले, तर उच्चार बहुधा ‘श’ असा करायचा.

४. घड्याळ

ही गोष्ट छोटी दिसते, पण दिवस घडवते किंवा बिघडवते. कानकून, तुलुम आणि कोबा किंताना रो राज्यात आहेत. वायादोलिद, चिचेन इत्सा, मेरिदा आणि उश्माल युकातान राज्यात. दोन राज्यांत वर्षभर एका तासाचा फरक असतो, किंताना रो पुढे. पश्चिमेला जाताना एक तास मिळतो, परत येताना जातो. वायादोलिदहून कोबाला निघालात तर तिथे पोचेपर्यंत घड्याळ एक तास पुढे गेलेले असते. फोन आपोआप वेळ बदलतो, पण हद्दीजवळ तो गोंधळतोही. रात्री गजर लावताना हॉटेलच्या घड्याळाशी ताडून बघा.

अंधाराचाही हिशेब याच्याशीच जोडलेला आहे. युकातान राज्यात डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ऐन जूनमध्येही पावणेसातला उजेड संपत येतो. अमेरिकेतल्या लांबलचक उन्हाळी संध्याकाळींची सवय असलेल्यांना हे लक्षातच येत नाही.

५. रस्ता

कानकूनहून पश्चिमेला जायला दोन वाटा आहेत. एक टोलची, १८० डी, तिला तिथे कुओता म्हणतात. दुसरी बिनटोलची, नुसती १८०, ती लिब्रे. टोलच्या रस्त्यावर ११० पर्यंत वेग घेता येतो, गावे लागत नाहीत, बाहेर पडायच्या जागा अगदी मोजक्या आहेत. टोल भरपूर आहे. तो पेसोंमध्ये रोख हाताशी ठेवा. विमानातून उतरलेल्या पहिल्या दिवशी सगळे दमलेले असतात, त्या दिवशी टोलचाच रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना एकसारखे जंगल आणि समोर वळण नसलेला डांबरी पट्टा असल्याने डोळा लागण्याची भीती मात्र खरी आहे. शेजारच्या सीटवरच्याने झोपायचे नाही, बोलत राहायचे.

दुसऱ्या दिवसापासून लिब्रे. या प्रवासाचा खरा जीव त्याच रस्त्यावर आहे. चेमाक्स, काउआ, पिस्ते अशी गावे एकामागून एक येतात. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली, कडा गोलाकार असलेली माया घरे आजही अंगणांत उभी दिसतात. गळ्याशी आणि घेराला रंगीत भरतकाम केलेला पांढरा झगा, वीपिल, घातलेल्या बायका सकाळी गिरणीवर मका दळायला निघालेल्या असतात. माया लोक नाहीसे झाले, असे मुलांच्या पुस्तकांत अजून लिहिलेले सापडते. युकातेक माया भाषा आज साडेसात लाखांहून अधिक लोक बोलतात, आणि तुम्हाला रस्ता दाखवणारा, पेट्रोल भरणारा, लिंबू सरबत विकणारा माणूस बहुधा त्यांच्यातलाच असतो. गावातून हळू जायचे ते गाडी वाचवण्यासाठी, आणि त्यांच्या दारातून जातो आहोत म्हणूनही.

आता तोपे. म्हणजे गतिरोधक. गावाची हद्द सुरू होताना, शाळेसमोर, चौकाच्या अलीकडे-पलीकडे आणि गाव संपताना ते असतातच. काही रुंद आणि पिवळे रंगवलेले, काही अरुंद आणि उंच, काही नुसत्या लोखंडी गोट्यांच्या रांगा. पिवळ्या पाटीवर उंचवटे काढलेले दिसले की वेग उतरवा. पण पाटी नेहमी असेल असे नाही, आणि असली तरी झुडपाआड गेलेली असते. रंगही उडून गेलेला असतो. सगळ्यांत फसवणारा तोपे झाडाखालचा. दुपारी रस्त्यावर सावलीचे तुकडे पडतात आणि त्यातल्याच एका गडद पट्ट्यात उंचवटा मिसळून जातो. ओळखायची खूण अशी : रस्त्याच्या कडेला मुले किंवा बाया सोललेली संत्री, भाजलेली कणसे, शेंगा घेऊन उभ्या आहेत, म्हणजे गाड्या तिथे थांबत असणार, म्हणजे तिथे तोपे आहे. पुढची गाडी एकदम मंदावली तरी तेच. गावात ४० चा नियम पाळा, तोप्यावरून चालत्या माणसाच्या वेगाने जा, आणि मागे बसलेल्यांना आधी सांगा. ज्यांना गाडी लागते त्यांना निघण्यापूर्वीच गोळी द्या.

तुमच्या पुढे चाललेल्या ट्रकने डावा दिवा लावला तर दोन अर्थ निघतात. मोकळ्या रस्त्यावर त्याचा अर्थ बहुधा ‘पुढे रस्ता रिकामा आहे, काढा गाडी’ असा असतो. पण फाटा जवळ असेल तर तो खरोखर डावीकडे वळणारही असतो. स्वतःच्या डोळ्यांनी पुढचा रस्ता दिसल्याशिवाय त्याच्या दिव्यावर विसंबू नका. तुम्हाला डावीकडे वळायचे असेल आणि मागून वेगाने गाड्या येत असतील, तर उजव्या कडेला थांबा, सगळ्यांना जाऊ द्या आणि मग ओलांडा. पुढच्या गाड्यांचे चारही दिवे लुकलुकू लागले तर पुढे काहीतरी अडले आहे. तुम्हीही लावा, म्हणजे मागच्याला कळेल.

कडेने सायकली आणि तीन चाकांच्या मालगाड्या जातात. पुढे दोन चाकांवर फळी, मागे पेडल मारणारा माणूस, फळीवर लाकडे नाहीतर घरची मंडळी. त्यांना मागचा दिवा नसतो. रस्त्यावर कुत्री असतात, संध्याकाळी गुरेही. एवढ्याचसाठी सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचण्याचा नियम मी कुठल्याही कारणाने मोडू देणार नाही. जेवण उशिरा झाले तर वाटेतल्या गावात राहा, पण अंधारात गावरस्त्याने येऊ नका.

६. पेट्रोल आणि रोख पैसे

अमेरिकेतून येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : मेक्सिकोत हिरवी नळी साध्या पेट्रोलची, माग्ना नावाची. लाल नळी प्रीमियम, काळी डिझेलची. अमेरिकेत हिरवा रंग अनेक पंपांवर डिझेलचा असतो, त्यामुळे माणूस बिचकतो. पंपावर कर्मचारीच भरून देतात. ‘येनो, पोर फावोर’ म्हणजे टाकी भरा. सुरू करण्याआधी गाडीतून उतरून आकडा शून्यावर आहे ना ते बघा आणि हसून तसे म्हणा, ‘एन सेरो’. काच पुसून दिली तर पाच-दहा पेसो द्यायची पद्धत आहे.

टाकी निम्मी झाली की भरायची. टोलच्या रस्त्यावर चढण्याआधी, उश्मालच्या पट्ट्यात शिरण्याआधी आणि कालाकमूलला वळण्याआधी तर नक्कीच. कालाकमूलसाठी श्पुहिल गावात भरा. जंगलातल्या ६० किलोमीटरवर पंप नाही, खाण्याचे दुकानही नाही.

एटीएममधून पेसो वायादोलिद किंवा मेरिदात काढून घ्या, सुट्ट्या नोटा मागून घ्या. लहान गावांत कार्ड चालत नाही आणि डॉलर दिले तर दर वाईट मिळतो.

७. तपासणी नाके

दोन राज्यांच्या हद्दीवर आणि १८६ वर पोलीस, नॅशनल गार्ड किंवा लष्कराचे नाके लागतात. बंदुका बघून मुले घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. वेग कमी करा, काच खाली करा, गॉगल काढा, ‘ब्वेनोस दियास’ म्हणा. बहुतेक वेळा कुठून आलात, कुठे चाललात एवढे विचारून सोडतात. कोणी दंडाची भाषा केली तर शांतपणे पावती मागा आणि चौकीत येऊन भरतो म्हणा. पासपोर्ट दाखवा, पण हातातून सोडू नका.

चिचेन इत्साच्या वाटेवर एक वेगळा प्रकार घडतो. गणवेशासारखे कपडे घातलेली माणसे रस्त्यात उभी राहून हात करतात आणि तिकीट इथेच घ्यावे लागते म्हणतात. थांबू नका. खरी खिडकी आणि वाहनतळ प्रवेशद्वारापाशीच आहेत. क्वचित स्थानिक मागण्यांसाठी एखादे स्थळ किंवा रस्ता गावकरी बंदही करतात. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला ‘उद्या उघडे आहे ना?’ एवढे विचारून ठेवावे.

८. अवशेषांवर

मोठी स्थळे सकाळी ८ ला उघडतात. दरवाजा उघडताना तुम्ही तिथे हवेत. चिचेन इत्साला टूरच्या बसेस साधारण दहानंतर येऊ लागतात, तोवर तुमचे मुख्य बघून झालेले असते. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असतो आणि गर्दी उसळते. विषुवदिनाच्या आसपास, २०-२१ मार्चला, सूर्य कलताना कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडवर सापाची सावली उतरते. दृश्य अप्रतिम, पण त्या गर्दीत लहान मुले नेऊ नयेत. तिकिटाचे दोन भाग असतात, एक राज्य सरकारचा आणि एक पुरातत्त्व संस्थेचा. दोन्ही ठेवा, आत तपासतात. ड्रोन नेऊ नका.

पिरॅमिडच्या चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्याची एक, मिळून ३६५. मुलांना हे मोजायला लावू नका, कारण चढायला बंदी आहे, पण चार गुणिले एक्याण्णव अधिक एक एवढे गणित तिथेच करायला लावा. माया लोकांनी शून्य स्वतंत्रपणे शोधले होते आणि ते विसाच्या पटीत मोजत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. हे एवढे माहीत असले की कोरीव शिळांवरचे काही आकडे दहा वर्षांचे पोर स्वतः वाचू शकते, आणि मग त्याला त्या जागेचा कंटाळा येत नाही. पुढे चेंडूच्या खेळाचे मैदान आहे, १६८ मीटर लांब. एका टोकाला टाळी वाजवली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते.

कोबात अंतरे मोठी आहेत, पण सावली आहे आणि आत सायकली भाड्याने मिळतात. आजी-आजोबांसाठी पेडलच्या रिक्षाही. तिथून माया लोकांनी बांधलेला पांढऱ्या चुनखडीचा उंच रस्ता याशुना या दुसऱ्या माया शहरापर्यंत सुमारे १०० किलोमीटर गेला होता. तो चाके नसलेल्या, ओझी वाहणारी जनावरे नसलेल्या लोकांनी बांधला, हे मुलांना त्या रस्त्यावर उभे करून सांगा. एक बालामला राजाच्या थडग्याचे दार अक्राळविक्राळ जबड्याच्या आकाराचे आहे आणि भोवती पंख असलेल्या मूर्ती आहेत. चुन्याचे काम इतके शाबूत कुठे क्वचितच दिसते. कुठे चढू देतात आणि कुठे नाही, हे वरचेवर बदलते. दारावरच विचारा. चढायची फारच हौस असेल तर इसामालला जा. पिवळ्या रंगाच्या त्या गावात किनिच काकमो पिरॅमिड भर वस्तीत आहे आणि त्यावर चढून जाता येते.

उश्मालला मात्र वेळ राखून ठेवा. इथे नदी नाही, सेनोतेही नाहीत. हजारो माणसांचे शहर फक्त पावसाच्या पाण्यावर जगले. अंगणे उतरती केली, पाणी एका तोंडाकडे वळवले आणि जमिनीखाली चुन्याने लिंपलेल्या बाटलीच्या आकाराच्या टाक्यांत, चुल्तुनांत, साठवले. दुष्काळी भागात वाढलेल्या मराठी माणसाला त्या टाकीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर काही समजावून सांगावे लागत नाही. मग वर बघा. कोपऱ्याकोपऱ्यावर लांब वळलेल्या नाकाचा चेहरा आहे. तो ‘चाक’ नावाचा पावसाचा देव. एकावर एक, ओळीने, पुन्हा पुन्हा तोच. जवळच्या काबाला तर एक अख्खी भिंत या मुखवट्यांनी भरली आहे, शेकडो, आणि प्रत्येक चेहरा वेगवेगळे दगड आधी घडवून मग जुळवलेला. पाण्याची वाट बघणाऱ्या लोकांनी किती मागणे मागितले असेल, ते त्या भिंतीपुढे कळते. उश्मालचा जादूगाराचा पिरॅमिड सुमारे ३५ मीटर उंच आणि पायाशी गोलसर आहे, असा दुसरा सहसा बघायला मिळत नाही.

परतताना ओश्कुत्स्काबच्या फळबाजारावरून मानीमार्गे या. मानी गावात १५६२ साली दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात त्यांच्या चारच पोथ्या शिल्लक आहेत.

९. खाणे, पाणी आणि सेनोते

बाटलीबंद पाणी माणशी दोन-तीन लिटर गाडीत हवेच. टोप्या, डासांचे मलम, मिठाचे पाकीट, गुळपोळी-दशम्यांचा डबा असेल तर उत्तम.

शाकाहारी मंडळींनी निघताना दोन शब्द पाठ करावेत : ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’. मांस नको आणि डुकराची चरबीही नको. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला शाकाहारी असते, पण पुष्कळ ठिकाणी ती त्याच चरबीत परतलेली असते. भात कोंबडीच्या रसात शिजवलेला असू शकतो. निर्धास्त खाता येते ते सिकिल पाक. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजलेला टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेले हे तोंडीलावणे आपल्या कारळ्याच्या चटणीच्या इतके जवळचे लागते की आजी त्याची कृती विचारायला स्वयंपाकघरात शिरते. अंडे चालत असेल तर पापात्सुलेस मागवा. आबानेरो मिरचीची वाटी टेबलावर वेगळी येते. टोकाने चाखून बघा, ती आपल्या लवंगीला मागे टाकते.

रस्त्यावर फळवाला दिसला तर चिकू घ्या. तोच आपला चिकू, घोलवड-डहाणूचा. त्याचे मूळ याच भागातल्या जंगलात आहे. त्याच झाडाच्या चिकातून पूर्वी च्युइंगम बनत असे आणि त्याच्याच कठीण लाकडाच्या तुळया माया मंदिरांच्या दारांवर बसवलेल्या होत्या. या चिकाच्या व्यापारामुळेच सायरस लंडेल हा वनस्पतिशास्त्रज्ञ या जंगलात आला आणि १९३१ मध्ये कालाकमूल बाहेरच्या जगाला कळले. पालघरच्या बागेत वाढलेल्या माणसाने कालाकमूलच्या रस्त्यावर ते रानटी, उंच वाढलेले झाड एकदा जरूर बघावे.

सेनोतेत उतरण्याआधी अंघोळ करावी लागते आणि अंगाला लावलेले सनस्क्रीन धुवावे लागते. साऱ्या द्वीपकल्पाचे पिण्याचे पाणी याच भूगर्भातून येते, तेव्हा हा नियम मनापासून पाळा. मलम लावण्याऐवजी मुलांना बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. पाणी काठापासूनच खोल असते. पोहता येत असले तरी मुलांना लाइफ जॅकेट घालाच. पायऱ्या निसरड्या असतात, गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी गावातला उघडा सेनोते बरा.

१०. अडचण आली तर, आणि परतताना

आपत्कालीन क्रमांक ९११. गाडी बंद पडली तर ०७८ लावा. तिथे पर्यटन खात्याची हिरव्या गाड्यांची मदतसेवा आहे, ‘आन्हेलेस वेर्देस’, म्हणजे हिरवे देवदूत. ती मोठ्या रस्त्यांवर मदतीला येते. चाक बदलायचे असेल तर ‘यान्तेरा’ किंवा ‘बुल्कानिसादोरा’ अशी पाटी जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात दिसते, कडेला जुने टायर टांगलेले असतात. पंक्चर स्वस्तात निघते. अपघात झाला, अगदी छोटा असला तरी, गाडी कंपनीच्या विम्याच्या क्रमांकावर फोन करा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत जागा सोडू नका, कुठल्याही कागदावर सही करू नका.

शेवटचा मुक्काम वायादोलिदला किंवा कानकूनच्या जवळ ठेवा. सकाळच्या विमानासाठी उश्मालहून थेट निघू नका. वायादोलिद ते विमानतळ टोलच्या रस्त्याने साधारण दोन तास, त्यात घड्याळाचा गेलेला एक तास, विमानतळाअलीकडे पेट्रोल भरायला अर्धा तास, गाडी परत करून बसने टर्मिनलला जायला पाऊण तास. दुपारी तीनचे विमान असेल तर वायादोलिदच्या घड्याळात आठ वाजण्याआधी गाडी रस्त्याला लागलेली हवी.